दक्षिण अँड्रोसवर बोनफिश: घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या लॉजवर जायचं असेल तर

पाणकावळा:

व्यनितून बरेच जण विचारत होते म्हणून सरळ धागाच काढतोय, सगळ्यांना वाचता येईल आणि जाणकारांना भरही घालता येईल. विषय म्हणजे बहामाजमधलं दक्षिण अँड्रोस, तिथलं बोनफिश या माशाचं फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे गळावर धागे-पिसं बांधून केलेलं नकली आमिष) आणि एका कुटुंबाने चालवलेलं छोटं लॉज. लॉजचं नाव उघड देत नाही, जाहिरात वाटायला नको, हवं असेल त्यांनी व्यनि करा.

आधी जागा समजून घ्या कारण सगळं तिथूनच सुरू होतं. अँड्रोस हे बहामाजमधलं सगळ्यात मोठं बेट, बाकीची सगळी बेटं एकत्र केली तरी याच्याएवढी जमीन भरत नाही, आणि राहणारी माणसं जेमतेम सात-आठ हजार, तीही जवळजवळ सगळी पूर्व किनाऱ्याला. नावाला एक बेट, पण नॉर्थ, मिडल आणि साउथ अशा तीन बाइट्सनी, म्हणजे आरपार गेलेल्या उथळ खाड्यांनी त्याचे तुकडे केलेत. पूर्वेला प्रवाळाची लांबच लांब भिंत आणि तिच्यापलीकडे टंग ऑफ द ओशन, तिथे तळ एकदम हजार मीटरच्याही खाली जातो. पश्चिमेला बरोब्बर उलट, मैलोन्‌मैल गुडघाभर पाणी, चुनखडीचा पांढरा गाळ, तिवरांची छोटी छोटी बेटं आणि माणसाची वस्ती जवळपास नाहीच. या पश्चिम भागाला 2002 साली राष्ट्रीय उद्यान केलं आणि 2012 मधे त्याची हद्द खूप वाढवली. बोनफिशला जे जे लागतं, म्हणजे फ्लॅट्स (उथळ पाण्याखालची सपाट मैदानं), तिवरं, खोल पाण्याचा शेजार, ते सगळं इथे एकाच बेटाभोवती आहे.

राजधानी नॅसॉहून छोट्या विमानाने दक्षिण अँड्रोसवरच्या काँगो टाऊनला वीसेक मिनिटांत पोचता. विमानतळावर लॉजचाच माणूस घ्यायला येतो, तोच उद्या तुमचा गाइड असू शकतो. लॉज म्हणजे समुद्राकडे तोंड करून एका ओळीत मोजक्या खोल्या, एक मोठं जेवणाचं टेबल, फ्लाय बांधायला कोपऱ्यात एक बाक. घरातले म्हातारबाबा आयुष्यभर गाइड होते, आता बोटीवर क्वचित जातात पण रोज पहाटे धक्क्यावर उभं राहून वारा बघून कोणती बोट कुठे जायची ते तेच ठरवतात. दोन मुलं आणि एक पुतण्या गाइड, स्वयंपाकघर आजीबाई आणि त्यांच्या सुनेकडे, आणि बुकिंगचा हिशोब नातीकडे. म्हातारबाबांचे वडील समुद्राच्या तळाचे स्पंज काढायचे. 1938-39 ला स्पंजवर रोग पडला आणि अँड्रोसवरच्या असंख्य घरांचं पोट ज्या धंद्यावर होतं तो एकाएकी बंद झाला, त्या पिढीला प्रत्येक खाडीचा तळ पाठ होता आणि तेच ज्ञान मुलांना नातवंडांना मिळालंय. मला या लॉजचं सगळ्यात मोल वाटतं ते याचंच. वारा फिरला की गाइड एक शब्द न बोलता बोट वळवतो आणि तिवराच्या आड अशा जागी नेतो जिथे पाणी काचेसारखं शांत असतं, हे कुठल्या नकाशावर मिळत नाही.

दिवस असा जातो. सकाळी नाश्ता, डबा घेऊन सातच्या सुमारास बोटीत, एका बोटीत दोन जण आणि गाइड. इंजिन बंद झालं की गाइड मागच्या उंच प्लॅटफॉर्मवर चढतो आणि लांब काठीने बोट ढकलत नेतो. तुमच्यापैकी एक जण पुढे नाळेवर रॉड घेऊन उभा, दुसरा बसून बघणारा. मग मासा शोधायचा. तासन्‌तास नुसतं बघायचं. दुपारी चार साडेचारला परत.

माझं ठाम मत आहे की बोनफिशच्या मागे जाणं हे नव्वद टक्के बघणं आहे. ज्याला बघायला आवडतं त्याने जावं.

निवडुंग:

फार सुंदर लिहिलंय. मी आतापर्यंत फक्त ट्राउट केलंय, नदीत, 5 वेटच्या (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉडने. बोनफिशमधे एवढं काय आहे की माणसं त्यासाठी एवढ्या लांब जातात? आणि माझा रॉड चालेल का की सगळं नवीन घ्यावं लागेल?

पाणकावळा:

निवडुंग, बोनफिश म्हणजे अल्ब्युला वल्पिस. अंगावर आरशासारखे खवले, त्यामुळे खालची वाळू, गवत जे असेल त्याचाच रंग त्याच्या अंगावर दिसतो आणि मासा समोर असून दिसत नाही, दिसते ती त्याची सावली. तोंड खालच्या बाजूला, घशात दळायचे दात, कोळंबी, खेकडे, शिंपल्या चुरडून खातो. खूप उथळ पाण्यात तोंड खाली घालून चिखल उकरायला लागला की शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात चमकते, त्याला टेलिंग म्हणतात. एकदा बघितलं की माणूस कामाचा राहत नाही. अँड्रोसला बहुतेक मासे दोन ते पाच पौंडांचे, पण दहा पौंडांच्या आसपासचाही मासा तिथे खरोखर दिसतो.

आणि गळाला लागला की पळतो. घोटाभर पाण्यात खोल जायला वाव नाही, लपायला दगड नाही, मग त्याच्याकडे एकच उपाय, सरळ रेषेत दूर पळणं. एवढासा मासा रीलवरची सगळी फ्लाय लाइन संपवून बॅकिंगमधे, म्हणजे तिच्यामागच्या राखीव दोरीत जातो, परत आणला की पुन्हा पळतो.

5 वेटचा रॉड नको. वाऱ्यात लाइन जात नाही आणि मासा दमवायला फार वेळ लागतो, त्यात माशाचंच नुकसान. 9 फुटी 8 वेट घ्या, हा एकच रॉड पुरतो. रीलला चांगला डिस्क ड्रॅग (ब्रेक), 20 पौंडी बॅकिंग किमान 150-200 यार्ड, लाइन वेट फॉरवर्ड फ्लोटिंग (पुढे वजनदार, तरंगणारी) आणि ती गरम पाण्यासाठीचीच हवी, थंड पाण्याची लाइन तिथल्या उन्हात मऊ पडून चिकटायला लागते. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारी पारदर्शक दोरी, 9 ते 12 फूट, शेवटी 12 पौंडांच्या आसपासचं फ्लुरोकार्बन टिपेट, म्हणजे तिचं बारीक टोक. रॉडइतकाच खर्च पोलराइज्ड चष्म्यावर करा, तांबूस काचेचा. चष्मा नसेल तर बाकी सगळं सामान असून नसल्यासारखं.

वल्हेकरी:

फ्लायबद्दल मी लिहितो, हा माझा आवडता भाग आहे.

अँड्रोसला फ्लाय विकत घेऊन जाताना हे लक्षात असू द्या की जगभर बोनफिशसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन सगळ्यात प्रसिद्ध फ्लाय याच बेटावरच्या आहेत. क्रेझी चार्ली ही बॉब नॉहाइम या कॅलिफोर्नियाच्या माणसाने 1977 साली बांधली, त्याचा अँड्रोसचा गाइड होता चार्ली स्मिथ, त्याच्यावरूनच नाव. आणि गॉचा ही जिम मॅकवे यांची, तीही अँड्रोसवरच जन्मली, पहिली फ्लाय बांधायला टॅक्सीतल्या गालिच्याचे धागे वापरले असं सांगतात. दोन्हींमधे साखळीच्या मण्यांचे डोळे असतात आणि त्या वजनामुळे फ्लाय उलटी होऊन गळाचं टोक वर राहतं, तळाला अडकत नाही. साधी गोष्ट आहे पण तिने सगळं बदललं.

नेताना रंगांपेक्षा वजनाकडे बघा. एकच गॉचा तीन वजनांत बांधून न्या. घोटाभर पाण्यात, मासे टेलिंग करत असतील तर डोळे नसलेली किंवा अगदी हलकी, म्हणजे पाण्यात पडताना आवाज होत नाही. गुडघाभर पाण्याला मण्यांची. मांडीएवढ्या पाण्याला शिशाच्या डोळ्यांची, नाहीतर फ्लाय तळाला पोचेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो. आकार 4 आणि 6 जास्त, थोड्या 8. अँड्रोसचे मासे मोठी फ्लाय मागतात, 2 नंबरच्या मँटिस श्रिंपसुद्धा ठेवा. फिकट तळाला फिकट फ्लाय, गवताळ तळाला ऑलिव्ह किंवा तपकिरी. आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडने दाबून टाका.

गाइडने तुमची पेटी बघून त्यातली एक उचलली तर वाद न घालता तीच बांधा.

टाचणी:

मासेमारीतलं मला फार कळत नाही, पण एक प्रश्न मनापासून विचारते, राग मानू नका. पकडून सोडूनच द्यायचा असेल तर पकडायचा कशाला? पोटासाठी मासा मारणं समजतं. आपल्या मजेसाठी एका जिवाला गळ लावायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा, हे मला पटत नाही. आणि सोडलेला मासा जगतो याची खात्री काय?

पाणकावळा:

टाचणी, राग कसला, हा प्रश्न हे करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

कायद्याचं आधी सांगतो. बहामाजमधे बोनफिश जाळ्याने पकडायला बंदी आहे आणि विकत घ्यायला-विकायलाही बंदी आहे. 2017 पासून फ्लॅट्स फिशिंगचे वेगळे नियम आलेत, बाहेरून येणाऱ्याला परवाना लागतो आणि मासा सोडूनच द्यावा लागतो. तिथली जुनी माणसं बोनफिश खायची, आजीबाई सांगतात मिरची आणि लिंबू लावून भाजायचे, काटे फार पण चव चांगली. ते त्यांचं अन्न होतं आणि त्यात चूक काहीच नाही. पण आज तोच जिवंत मासा त्या बेटावर शाळेची फी, विजेचं बिल, बोटीचं इंजिन सगळं भरतो. 2010 च्या एका अभ्यासात फ्लॅट्स फिशिंगमुळे बहामाजला वर्षाला साधारण 141 दशलक्ष डॉलरचं उत्पन्न मिळतं असा हिशोब मांडला होता, आणि हा पैसा नॅसॉच्या मोठ्या हॉटेलांपासून दूर, जिथे दुसरं काम नाही अशा बेटांवर जातो. तिवरं तोडून काही बांधायचं म्हटलं तर तिथे पहिले उभे राहतात ते गाइड. मासा पाण्यात आहे म्हणून ती खाजणं टिकून आहेत.

जगतो का, तर हे पकडणाऱ्याच्या हातात आहे. बोनफिशचा खरा धोका गळ हा नसून सोडल्यानंतरचे शार्क आणि बॅराकुडा हा आहे. एल्युथेरा बेटावर यावर बरंच संशोधन झालंय, त्यात दिसलं की सोडताना ज्या माशाचा तोल गेलेला असतो, कुशीवर पडतो, त्याला शार्क उचलण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. म्हणून मासा लवकर आणायचा, पाण्याबाहेर काढायचाच नाही, फोटो हवाच तर दहा सेकंदांच्या आत, हात ओले, सनस्क्रीन लावलेल्या हाताने धरायचा नाही, जबड्याला पकडायचा चिमटा वापरायचा नाही कारण त्याने जबडा फाटतो. स्वतःच्या बळावर सरळ पोहत जाईपर्यंत सोडायचा नाही. आसपास लेमन शार्क फिरत असेल तर आमचे गाइड ती जागाच सोडतात, मासे कितीही असले तरी. मागच्या वेळी समोर टेलिंग करणारा मोठा थवा होता, एक शार्क आला आणि पुतण्याने काठी रोवून बोट वळवली. मला त्याचा फार आदर वाटला.

तुम्हाला तरीही पटलं नाही तर मी समजू शकतो.

टाचणी:

उत्तराबद्दल आभार. पैशाचा आणि खाजणाचा मुद्दा पटला, तो मी विचारात घेतला नव्हता. गळाचा मुद्दा मला अजून टोचतोच. पण शार्क दिसला म्हणून जागा सोडणारी माणसं आहेत हे वाचून बरं वाटलं.

भरती_ओहोटी:

मी फ्लोरिडात राहतो, तिथली कीज बेटं आणि बहामाज दोन्हीकडे जाणं होतं, थोडी भर.

लोक विचारतात कोणता महिना चांगला, मी म्हणतो महिन्याबरोबर तिथीही बघा. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या पौर्णिमेच्या आसपास, पाणी एवढं चढतं की मासे तिवरांच्या मुळांत घुसतात आणि तिथे ना बोट जाते ना फ्लाय. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी हलतं, मासे फ्लॅटवर जास्त वेळ सापडतात. मला स्वतःला ओहोटी संपून पाणी नुकतं चढायला लागतं ते दोन तास सगळ्यात आवडतात, भुकेले मासे फ्लॅटच्या कडेला वाट बघत असतात आणि पाण्याची पहिली जीभ आत शिरली की तिच्याबरोबर येतात. अँड्रोसची खासियत ही की पूर्वेची आणि पश्चिमेची भरती एका वेळेला नसते, बाइट्समधे तर कोपऱ्याकोपऱ्याला वेगळी, त्यामुळे चांगला गाइड दिवसभर योग्य पाण्याच्या मागे मागे जात राहतो. हे त्या कुटुंबाचं पाठांतर, जे पाणकावळा म्हणतात, ते इथे कामाला येतं.

दुसरं, यांच्या विणीबद्दल जे गेल्या काही वर्षांत कळलं ते मला थक्क करतं. जन्मभर गुडघाभर पाण्यात राहणारा हा मासा साधारण ऑक्टोबर ते मे या काळात पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास हजारोंच्या संख्येने किनाऱ्याजवळ खोल पाण्याच्या तोंडाशी जमतो, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, अंधार पडला की खुल्या समुद्रात जातो आणि शंभर मीटरपेक्षा खोल बुडी मारून वर येताना अंडी सोडतो. अंड्यातून निघालेली पिल्लं पारदर्शक फितीसारखी असतात, 41 ते 71 दिवस समुद्रात वाहत राहतात आणि मग कुठल्यातरी किनाऱ्याला लागतात. म्हणजे एका बेटावरचा मासा दुसऱ्या बेटावरच्या विणीतून आलेला असू शकतो. त्यामुळे नुसतं आपलं फ्लॅट जपून भागत नाही, जिथे ते जमतात त्या जागाही जपाव्या लागतात, आणि त्या जागा शोधून काढण्यात शास्त्रज्ञांना बहामाजच्या गाइडांनीच मदत केलीय.

त्या दिवसांत मोठे मासे फ्लॅटवर कमी दिसले तर निराश होऊ नका, ते कुठे गेलेत ते आता माहीत आहे.

रानभूल:

माझं मत जरा वेगळं आहे. आम्ही बहामाजमधल्याच एका मोठ्या लॉजवर गेलो होतो, खोल्यांना एसी, रोज संध्याकाळी सगळ्यांचे रॉड धुऊन ठेवणारा माणूस, नव्या बोटी, वायफाय व्यवस्थित. एवढा खर्च करून जायचं तर सोय हवी, छोट्या लॉजवर एखादी बोट बंद पडली की दुसरी बोट नसते, गाइड आजारी पडला की दिवस गेला. भावना ठीक आहे पण सुट्टी मोजकी असते.

पाणकावळा:

रानभूल, मुद्दा बरोबर आहे आणि जाणाऱ्याने आधीच विचारायला हवा. बुक करतानाच विचारा, जादा बोट आहे का, गाइड किती, जनरेटर आहे का, वारा फार झाला तर आडोशाचं पाणी किती लांब. माझ्या लॉजवर वायफाय आहे पण वीज गेली की तेही जातं. पाणी जपून वापरायला सांगतात.

पण गाइडचं सांगतो. मोठ्या लॉजवर गाइड चांगले असतातच, पण जिथे गाइडच मालक असतो तिथे त्या फ्लॅटला आठवड्यात किती वेळा जायचं हेही तोच ठरवतो. एका फ्लॅटवर बोट गेली की म्हातारबाबा पुढचे बरेच दिवस तिथे कुणाला जाऊ देत नाहीत. मासे बिथरलेले नसतात. हा फरक फ्लाय पाण्यात पडल्यावर कळतो, मासा पळत सुटण्याऐवजी वळून तिच्याकडे येतो. आणि पैसा, तो तिथल्याच घरात राहतो, तिथल्याच दुकानात जातो. माझ्यासाठी हे सोयीपेक्षा मोठं आहे, तुमच्यासाठी नसेल तर तसं.

खर्चाचं बरेच जण विचारतात. स्वतंत्र गाइड आणि बोट दिवसाला साधारण 600 ते 700 डॉलर, दोघांत वाटून. लॉजचं राहणं जेवण फिशिंग सगळं धरून आठवड्याचे काही हजार डॉलर होतात, छोटी लॉजेस मोठ्यांपेक्षा बरीच स्वस्त. टिप वेगळी, बोटीमागे दिवसाला शंभरच्या आसपास, आणि स्वयंपाकघराला विसरू नका. बहामियन आणि अमेरिकन डॉलर एकास एक चालतात, बदलायची गरज नाही, पण रोख न्या. परवान्याची फी नियमांत दिवसाला 15, आठवड्याला 20, महिन्याला 30 आणि वर्षाला 60 डॉलर अशी ठरवली होती, 12 वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो, जाण्याआधी चालू दर लॉजकडून विचारून घ्या.

सोनसळी:

नवरा फिशिंगवेडा, मी नाही. मी तिथे दिवसभर काय करू हे कुणी सांगेल का? खरंच जायचं ठरतंय म्हणून विचारते.

मीठमिरची:

सोनसळी, मी सांगते, मीही तशीच गेले होते आणि फार छान गेला वेळ. अँड्रोसवर ब्लू होल्स आहेत, जमिनीतली आणि समुद्रातली, चुनखडी विरघळून झालेली खोल गोल विवरं, वरचं पाणी गोडं आणि खाली खारं. पोहता येतं, झाडीत असतात, कुणी नसतं. प्रवाळावर स्नॉर्कलिंगला लॉजचीच बोट नेते. शेजारच्या मॅन्ग्रोव्ह के बेटाला सरकारी फेरी आहे ती फुकट आहे, एक दिवस त्यात काढा. उत्तरेला फ्रेश क्रीकला अँड्रोशिया नावाचं बाटिक कापड बनवतात, 1973 पासूनचा कारखाना, पण दक्षिणेकडून तिथे जाणं म्हणजे मोठा प्रवास, मी नॅसॉला विकत घेतलं.

पण मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघरात बसणं. आजीबाईंनी मला शंखाचं मांस कसं कुटायचं ते शिकवलं, त्याचे वडे करतात, आणि लिंबू-मिरची-कांदा घालून कच्चंही खातात. पीज अँड राइस रोज. जॉनीकेक गरम असताना. शेवंड खायची असेल तर ऑगस्ट ते मार्चच्या दरम्यान जा, 1 एप्रिल ते 31 जुलै बंदी असते. नॅसॉ ग्रूपर या माशाला डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी. त्या घरात हे काटेकोर पाळतात, मी फेब्रुवारीत ग्रूपर आहे का विचारलं तर आजीबाई म्हणाल्या आता ते अंडी घालतायत, मार्चमधे ये.

आणि एक दिवस बोटीत नवऱ्याबरोबर जा. रॉड न घेता. टोपी, लांब बाह्या, चष्मा. तुम्हाला पाकटं, कासवं, छोटे शार्क सगळं दिसेल, आणि बघायची सवय झाली की मासाही नवऱ्याच्या आधी दिसेल.

निवडुंग:

सगळं वाचलं, मन तयार झालंय. आता सराव कसा करू ते सांगा. मला नदीवर तीस फूट पुरतं.

वल्हेकरी:

तीस ते पन्नास फूटच लागतं बहुतेक वेळा, पण वाऱ्यात आणि पटकन. तिथे पूर्वेचा व्यापारी वारा सतत असतो, पंधरा ते वीस नॉट म्हणजे नेहमीचा दिवस. मैदानावर जा, वाऱ्याचा दिवस निवडून जा. डबल हॉल, म्हणजे टाकताना दुसऱ्या हाताने लाइन दोनदा ओढून तिला वेग देणं, ते शिका, त्याशिवाय वाऱ्यात लाइन जात नाही. आणि हे करून बघा, फ्लाय हातात धरून उभे राहा, कुणालातरी ओरडायला सांगा "दहा वाजता, चाळीस फूट", आणि दोनपेक्षा जास्त फॉल्स कास्ट (लाइन हवेतच मागेपुढे झुलवणं) न करता तिथे टाका. बोटीची नाळ म्हणजे बारा वाजता, बाकी घड्याळाप्रमाणे, गाइड असंच सांगतो. मग उलटा वारा घेऊन, मग उजव्या खांद्यावर येणारा वारा घेऊन, तेव्हा बॅककास्ट पुढे सोडायला शिका.

ट्राउटवाल्यांसाठी सगळ्यात मोठा बदल, मासा फ्लाय घेतो तेव्हा रॉड उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्याजवळ, माशाच्या दिशेला, आणि डाव्या हाताने लाइन लांब ओढायची. त्याने घेतली नसेल तर फ्लाय तिथेच राहते आणि तो पुन्हा येतो. रॉड उचलला की फ्लाय हवेत. हा हाताचा सराव घरी बसून टीव्ही बघताना करा, हाताला लागला पाहिजे, डोक्याला नाही. मासा लागला की खाली पायाशी असलेली सैल लाइन बघायची, मासा नाही बघायचा, ती सगळी सुखरूप रॉडच्या कड्यांमधून गेली की मग रील.

भरती_ओहोटी:

वल्हेकरींना पूर्ण दुजोरा. एक जोडतो, बोटीतून उतरून चालायला मिळालं तर नक्की चाला. पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत पाकट असेल तर सरकून जातं. टणक तळाचे बूट हवेत.

आणि हवामान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंड वाऱ्याचे झोत येतात, वारा दक्षिणेकडून नैर्ऋत्य, मग वायव्येला फिरतो, पाणी गार पडतं आणि मासे खोल जातात, दोन-तीन दिवसांनी परततात. मार्च ते मे सगळ्यात भरवशाचे. उन्हाळ्यात मासे असतात, माणसं कमी, दर कमी, पण चावऱ्या माश्या आणि ऊन कडक. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. 2015 ला ह्वाकीनने दक्षिणेकडची बेटं, 2016 ला मॅथ्यूने अँड्रोसचा उत्तर भाग आणि 2019 ला डोरियनने अबाको आणि ग्रँड बहामा झोडपलं. डोरियननंतर तिथली तिवरं मैलोन्‌मैल मेली, 2020 पासून गाइड आणि शाळेतली मुलं नवीन रोपं लावतायत. जाणार असाल तर प्रवास विमा घ्याच.

निवडुंग:

सगळ्यांचे खूप आभार. एप्रिल ठरवतोय. पाणकावळा, एकटा येणार, बोट एकट्याने घेणं परवडणार नाही, काय करू?

पाणकावळा:

निवडुंग, एप्रिलमधे मीही आहे आणि माझ्या बोटीत एक जागा रिकामी आहे. पौर्णिमा टाळून भांगेचा आठवडा घेतलाय, काल नातीने तारखा पक्क्या करून कळवल्या. व्यनि करतोय. नॅसॉहून विमानात एकूण सामानाच्या वजनाला कडक मर्यादा असते, चार तुकड्यांचा रॉड घ्या, तो हातातल्या बॅगेत बसतो, आणि फ्लाय, रील, चष्मा कधीही चेक-इन करू नका. 6 नंबरच्या हलक्या गॉचा मी बांधतो, शिशाच्या डोळ्यांच्या तुम्ही आणा.